बऱ्या झालेल्या नवऱ्याची तपासणी

कोंडीराम आजारी होता तोवर कौसल्येला त्याचा काही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो बरा झाल्यावर.

आजारपणात तो सांगितलेलं ऐकायचा. उठा म्हटलं की उठायचा, पेज प्या म्हटलं की प्यायचा. ऑपरेशननंतर पोटावर लाइट, म्हणजे किरणांचे शेक, घ्यायला रोज परळच्या हॉस्पिटलात जायचं झालं, तेव्हा हा धिप्पाड माणूस तिच्या मागोमाग निमूट चालायचा. उलट्या व्हायच्या, तोंडाची चव गेलेली, पण कधी कुरकुर नाही. आणि मग एके दिवशी डॉक्टर सबनीस म्हणाले, "कोंडीराम, तू आता बरा आहेस." त्या दिवसापासून तो कौसल्येच्या हाती लागेना.

कारण डॉक्टर तेवढ्यावर थांबले नव्हते. "आता दर महिन्याला तपासणीला यायचं," ते पुढे म्हणाले. "वर्षभर. मग दोन महिन्यांनी. तारीख चुकवायची नाही."

कोंडीराम फाटकाबाहेर आला तोच हात झटकत. "अगं, बरा आहे तर यायचं कशाला? आणि यायचंच असेल तर मी बरा कसला?"

"आत असताना विचारायचं होतं की."

"तू विचार. तुझंच जमतं त्यांच्याशी."

असं सगळं तिच्यावर आलं.

ही माणसं लोअर परळला, डिलाइल रोडच्या आतल्या अंगाला एका चाळीत राहायची. खोली एक आणि माणसं चार: हा, ही, त्यांची लहानगी लेक रखमा आणि कोंडीरामची आई सुंदराबाई. कोंडीराम मिलमध्ये थ्रॉसल खात्यात, सूत कातायच्या साच्यांवर होता. कौसल्या त्याच मिलमध्ये रिळांच्या खात्यात. त्यांच्या चाळीतले बहुतेक पुरुष थ्रॉसलमध्येच असत, कारण कापड विणायच्या खात्यात त्यांच्या जातीच्या माणसाला घेत नसत. तिथे धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागतो, तो बाटेल म्हणे. कोंडीरामला या गोष्टीचा भयंकर संताप होता आणि तो संताप काढायची जागा म्हणजे बाबासाहेबांच्या फेडरेशनची कचेरी. पाळी संपली की तो तिथे. आवाज असा की मोर्चात तो पुढच्या रांगेत असला तर मागच्यांना घोषणा कुठली चाललीय हे विचारावं लागत नसे.

एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाने आपलं दुखणं मात्र सहा महिने तोंडातून बाहेर काढलं नव्हतं. दुखत नव्हतं म्हणून सांगितलं नाही, असं तो नंतर म्हणाला. कौसल्येच्याच लक्षात आलं की हा माणूस जेवायला मांडी घालून बसेनासा झालाय. विचारलं की "काही नाही". शेवटी एका रविवारी तिने सासूला आणि रखमाला बाजारात धाडलं, दाराला कडी घातली आणि म्हणाली, "दाखवा."

एका बाजूचं अंड दगडासारखं घट्ट झालं होतं.

नाक्यावरच्या डॉक्टरने हात लावला आणि थेट परळला जायला सांगितलं. तिथे ते काढलं. अंडाचा कॅन्सर, लवकर सापडता तर आणखी बरं झालं असतं, पण ही जात लाइटला दाद देणारी आहे, असं सबनीस म्हणाले. ऑपरेशन झाल्यावर शुद्धीवर येऊन कोंडीरामने पहिलं वाक्य काय बोलावं? "चाळीत अंतर्गळाचं ऑपरेशन म्हणून सांग. आईलासुद्धा."

त्या वेळी कौसल्येला वाटलं, सांगू दे काय सांगायचं ते. माणूस जगला ना. त्या एका थापेने पुढे आपला किती जीव खाल्ला जाणार आहे याची तिला तेव्हा कल्पना नव्हती.

अंतर्गळाला, साध्या हर्नियाला, महिन्या-महिन्याने तपासणी कसली? हा प्रश्न आधी सुंदराबाईने विचारला, मग शेजारच्या खोलीतल्या शामरावने, मग कौसल्येच्या खात्यातल्या बायांनी. शामराव हा फेडरेशनचा जुना कार्यकर्ता, भला माणूस, पण त्याच्या मेव्हण्याचंही अंतर्गळाचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळे त्याला त्या विषयातलं सगळं ठाऊक. "वहिनी, टाके काढले की झालं. तुम्ही उगाच त्याला भरीला घालता." कोंडीराम शेजारी बसून मान डोलवायचा! खरं माहीत असलेला माणूस मान डोलवतोय, आणि खोटं बोलायची पाळी हिच्यावर.

सुंदराबाईचं वेगळंच. तिला नातू हवा होता. "धडधाकट पोराला दर महिन्याला दवाखान्यात ओढत नेतेस. अशानेच घरात पाळणा हलत नाही." कौसल्या चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राही. एक अंड राहिलंय, पण एवढे लाइट घेतल्यावर मूल होईल की नाही सांगता येत नाही, असं डॉक्टर तिला बाजूला घेऊन म्हणाले होते. ते तिने अजून कोंडीरामलाही नीट सांगितलं नव्हतं. सासूला काय सांगणार?

तपासणी तरी केवढी म्हणावी? छातीचा फोटो. मग डॉक्टर त्याला पालथा-उताणा करून पोट खोलवर दाबत. काखा, जांघा बघत. पाठीमागे उभे राहून मानेवरून बोटं फिरवत, विशेषतः डावीकडे, गळ्याच्या हाडाच्या वरच्या खोबणीत. शेवटी उरलेलं अंड. तेवढ्यात झालं. पण त्या तेवढ्यासाठी दोघांचे खाडे, जॉबरची, म्हणजे मुकादमाची, बोलणी आणि आदल्या रात्रीपासून कोंडीरामचा फुगलेला चेहरा.

एकदा तिने धीर करून डॉक्टरांना विचारलंच. "साहेब, बरे आहेत म्हणता, मग शोधता काय?"

सबनीस थकलेला माणूस. दिवसभर रोगी बघून त्यांचे डोळे लाल झालेले असत. पण त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, मूळ आपण काढलं. पण त्याचं बी रक्तातून, रसातून वर सरकलेलं असू शकतं. पोटात, छातीत, मानेत. आज ते इतकं बारीक असेल की माझ्या हाताला लागणार नाही, फोटोत दिसणार नाही. पुढच्या महिन्यात दिसेल. लहान असताना सापडलं तर लाइटने वितळतं. मोठं झाल्यावर आलात तर माझ्या हातात काही नाही. पहिली दोन वर्षं सगळ्यात वाईट. म्हणून बोलावतो. मला हौस नाही."

मग कोंडीरामकडे वळून म्हणाले, "आणि तूही महिन्यातून एकदा, अंघोळीला गरम पाणी घेतलंस की, दुसऱ्या बाजूला स्वतः हात लावून बघायचं. गाठ, कडकपणा, जडपणा. मानेलाही हात लावायचा. काही वेगळं वाटलं तर तारखेची वाट बघायची नाही."

कोंडीराम खिडकीबाहेर बघत होता. एका कावळ्याने त्याचं फारच लक्ष वेधलं होतं.

आता हे घरी विचारायचं कसं? खोली दहा बाय दहाची, सासू पाच हातांवर. कौसल्येने एक खूण ठरवली. "घड्याळाला चावी दिली का?" म्हणजे हात लावून बघितलं का. कोंडीराम "दिली, दिली" म्हणून टाळायचा. सुंदराबाई चक्रावून जायची. "कुठलं घड्याळ? घरात घड्याळ नाही, मेल्यांनो. भोंगा ऐकू येत नाही का?"

"शपथ घ्या, दिली?" कौसल्या विचारी.

"अगं दिली म्हटलं ना!"

दिली नव्हती. तिला चेहऱ्यावरून कळायचं.

छप्पनचा जानेवारी उजाडला. मुंबई महाराष्ट्राला देणार नाहीत, केंद्राकडे ठेवणार, अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. लालबाग, परळ, गिरगाव, जिकडे तिकडे दगड आणि गोळ्या. संचारबंदी लागली. कोंडीरामची तारीख नेमकी त्याच आठवड्यात. कौसल्या गॅलरीत उभी राहून खाली सुन्न पडलेल्या रस्त्याकडे बघत होती आणि कोंडीराम आत उकिडवा बसून बिडी ओढत होता. शेजारच्या चाळीतल्या एका पोराला गोळी लागली होती, त्यामुळे त्याचे डोळे रडून सुजले होते. पण तारीख चुकली याचा त्याला झालेला आनंदही त्या डोळ्यांत होता. दोन्ही गोष्टी एका माणसात एकदम कशा मावतात, हे तिला कळेना.

"पोलीस उठले की पहिलं हॉस्पिटल," ती म्हणाली.

"माणसं मरताहेत आणि तुला तपासणीचं पडलंय."

"माणसं मरताहेत म्हणूनच पडलंय."

संचारबंदी उठल्यावर तिने त्याला नेलाच. सगळं स्वच्छ निघालं. मार्चमध्येही स्वच्छ. दर वेळी स्वच्छ निघालं की कोंडीराम तिच्याकडे असा बघायचा, जणू ती पैज हरलीय. "बघ. फुकट गेला दिवस." चांगली बातमी आणली म्हणून बोलणी खाणारी बाई आपण एकटीच असू, असं तिला वाटे.

मे महिन्यात तारीख गुरुवारी होती. मंगळवारी कोंडीराम पहाटे उठला, स्वच्छ लेंगा-सदरा घातला आणि "पाळी बदललीय" म्हणून गेला. संध्याकाळी तो आला नाही. शामरावची बायको रडत आली तेव्हा कळलं. संयुक्त महाराष्ट्र समितीने सत्याग्रहाची तुकडी काढली होती, शामराव आणि कोंडीराम दोघे त्यात होते, दोघांना धरलं, आणि दोन महिने साधी कैद झाली.

सुंदराबाईने ऊर बडवला. कौसल्येला रडू आलं नाही. ती भांडी घासायला मोरीवर गेली आणि पातेलं एवढ्या जोराने घासलं की शेजारणीने विचारलं, "काय गं, कुणाचा गळा दाबतेस?"

महाराष्ट्र तिलाही हवा होता. मोर्चात तीही गेली होती, रखमाला कडेवर घेऊन. पण शुक्रवारी नाही, शनिवारी नाही, मंगळवारीच तुरुंगात जायचं याला काय म्हणावं?

गुरुवारी ती एकटीच परळला गेली. सबनीसांनी तिच्या मागे बघितलं.

"कोंडीराम कुठाय?"

"तुरुंगात, साहेब."

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "काय केलं?"

"संयुक्त महाराष्ट्र."

डॉक्टरांना हसू आलं, पण ते फार टिकलं नाही. "किती दिवस?"

"दोन महिने."

"नाही चालणार. वर्ष नुकतं झालंय. तुरुंगातही डॉक्टर असतो. कैद्याने मागणी केली तर पोलीस बरोबर देऊन पाठवतात. त्याला मागणी करायला सांगा."

त्याला मागणी करायला सांगा! किती सोपं. कौसल्येने त्या दिवशी तिथेच बाकावर बसून कपाळावर हात मारून घेतला.

सत्याग्रहींची गर्दी झाल्यामुळे वरळीच्या बाजूला पत्र्याच्या शेडींचा एक तात्पुरता तुरुंग उभा केला होता. मुलाखतीला एक लांबलचक शेड. मधोमध तारेची जाळी, एका बाजूला कैदी, दुसऱ्या बाजूला आया-बायका. सगळे एकदम बोलणार, त्यामुळे प्रत्येकाला ओरडावं लागे. कौसल्या सुंदराबाईला घेऊन गेली होती. जाळीपलीकडे कोंडीराम आला तो लग्नाला निघाल्यासारखा. शेजारी शामराव, आणि एक पांढऱ्या मिशांचा कुशाबा म्हणून गोदीतला म्हातारा माथाडी.

"मजेत आहे!" कोंडीराम ओरडला. त्याचा आवाज बसला होता. "रोज सभा असते. रखमा काय म्हणते?"

"तारीख होऊन गेली," कौसल्या म्हणाली. "डॉक्टर म्हणतात मागणी करा. पोलीस नेतील."

कोंडीरामने डावी-उजवीकडे बघितलं. "सुटून आलो की बघू."

"नाही चालणार म्हणालेत."

"अगं, इथल्या डॉक्टरने तपासलंय. अंतर्गळाचा माणूस आहे, ठणठणीत आहे, म्हणाला."

"त्यांना अंतर्गळ कुणी सांगितलं?"

कोंडीराम जाळीची तार नखाने खरवडू लागला.

शामराव मध्येच म्हणाला, "वहिनी, आता आजारपण काढून बाहेर पडला तर लोक काय म्हणतील? सत्याग्रहाला कंटाळला म्हणतील. टाक्यांना काय होतंय?"

"बरोबर," कोंडीराम म्हणाला. "मी जाणार नाही."

कौसल्येने जाळी सोडली. एवढं झाल्यावर ती वळली आणि शेडीच्या टोकाला टेबल मांडून बसलेल्या जेलरकडे गेली. जेलरला आधीच शंभर भानगडी. कुणाचा डबा, कुणाचं कांबळं. त्याने वर न बघता विचारलं, "काय पाहिजे?"

"माझ्या मालकांना परळच्या हॉस्पिटलात पाठवा. तपासणी चुकलीय."

"कैद्याची मागणी आहे?"

"नाही. ते लाजतात."

"कसला आजार?"

"कॅन्सर."

जेलरने वर बघितलं. "कसला कॅन्सर?"

शेडीतला गोंगाट कमी झाला होता, की तिलाच तसं वाटलं, कोण जाणे. सासू मागे उभी होती. पलीकडे शामराव, कुशाबा, मिलमधली चार ओळखीची तोंडं. आणि नवरा, जाळीला नाक लावून, डोळ्यांनी विनवत होता. वर्षभर घड्याळाच्या चाव्या विचारून विचारून कौसल्येचा जीव आंबून गेला होता.

"अंडाचा," ती मोठ्याने म्हणाली. "एक काढलंय. आता दुसरं बघायचं, पोट बघायचं, छाती बघायची, मान बघायची. दर महिन्याला. नाही बघितलं आणि आत वाढलं तर माणूस मरतो. लिहून घ्या."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कुशाबाने तिकडे मान वळवून नुसतं बघितलं आणि ते हसू बंद झालं. म्हातारा मग कोंडीरामकडे वळला. "काय रे, खरं?"

कोंडीराम जमिनीकडे बघत होता.

"मग त्यात लपवायचं काय? हात तुटला असता तर लपवला असतास?" कुशाबा म्हणाला. "जा तपासून ये. आम्ही आहोत इथे महाराष्ट्र घ्यायला."

शामराव तर पार ओशाळला होता. सुंदराबाई कौसल्येची वाट न बघता एकटीच घराकडे चालू लागली.

दोन दिवसांनी कोंडीरामला दोन पोलिसांबरोबर परळला आणलं. हाताला बेडी. कौसल्या आधीच येऊन बसली होती. बाकांवरचे रोगी त्याच्याकडे चोराकडे बघावं तसे बघू लागले, तेव्हा त्याला ते सहन होईना आणि त्याने बसक्या आवाजात घोषणा ठोकली, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" दोघा-तिघा रोग्यांनी साथही दिली. सिस्टर धावत आली. "इथे आरडाओरड नाही! माणसं आजारी आहेत!"

"मी बरा आहे, सिस्टर," कोंडीराम म्हणाला.

छातीचा फोटो स्वच्छ आला. पोट मऊ. खालचंही ठीक. कोंडीरामच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू पसरायला लागलं होतं. डॉक्टर त्याच्या मागे गेले, मानेवरून बोटं फिरवू लागले, आणि डावीकडे, हाडाच्या वर, त्यांची बोटं थांबली. पुढे गेली आणि परत आली. कौसल्या डॉक्टरांच्या चेहऱ्याकडे नाही, त्या बोटांकडे बघत होती.

"हे केव्हापासून?" डॉक्टरांनी विचारलं.

"ते होय?" कोंडीराम म्हणाला. "झाले पंधरा-वीस दिवस. घोषणा देऊन देऊन आलं असेल, घसा बसलाय ना."

कौसल्या उठून उभी राहिली. डॉक्टर आहेत, पोलीस आहेत, याचं भान राहिलं नाही. तिने त्याच्या दंडावर थापट मारली. मग आणखी एक. मग खाली बसून पदरात तोंड घालून रडली. पोलीस दुसरीकडे बघू लागले.

"घोषणेने गाठ येत नाही," सबनीस म्हणाले. त्यांचा आवाजही चढला होता. "तुला मी सांगितलं होतं, मानेला हात लाव, काही वाटलं तर ये. तुरुंगातून नाही, बाहेरूनच ये असं म्हणालो होतो का?" मग जरा थांबून, "तुरीच्या दाण्याएवढी आहे. त्यातला तुकडा काढून बघतो. तीच असेल तर मानेला आणि छातीला लाइट द्यायचे. आत्ता लहान आहे. आणखी दोन महिने घालवले असतेस तर मला असं बोलता आलं नसतं."

तीच निघाली.

डॉक्टरांचा अहवाल गेला तसा सरकारने त्याला सोडायचा हुकूम काढला. माफी नाही, अट नाही, काही नाही. आजारी कैदी सांभाळायची कटकट कुणाला हवी होती? आणि इथे कोंडीरामने नवीनच काढलं. तो बाहेर येईना! माझे साथी आत आहेत, मी एकटा सुटणार नाही, म्हणून फाटकाच्या आत फतकल मारून बसला. कौसल्या बाहेर त्याचे कपडे घेऊन उभी.

जेलर घाम पुसत तिच्याकडे आला. "बाई, घेऊन जा हो याला. आत येणाऱ्यांनाच जागा नाही, आणि हा जायला तयार नाही."

"माझं ऐकत असते तर इथवर आले असते का?" कौसल्या म्हणाली.

शेवटी कुशाबा आणि शामरावने त्याला दोन्ही काखांत हात घालून उचलला आणि फाटकाबाहेर आणून ठेवला. "तिथे लाइट घे," शामराव म्हणाला. "इथला तुझा वाटा मी करतो." जाताना तो कौसल्येकडे बघून नुसता हात जोडता झाला.

पावसाळाभर लाइट चालले. मान भाजल्यासारखी काळी पडली. गिळताना घसा दुखायचा, बोलणं कुजबुजीवर आलं. चाळीतल्या लोकांनी त्याचा आवाज इतका बारीक कधी ऐकला नव्हता. गाठ मात्र विरघळत गेली. आधी डाळीएवढी, मग हाताला लागेनाशी.

चाळीला सगळं कळलंच होतं. कोंडीरामला भीती होती तसं दोन-चार दिवस गॅलरीतली बोलणी त्याला बघून थांबली. मग भय्याच्या दुधात पाणी किती, यावर परत सुरू झाली. एवढंच. या एवढ्याशासाठी आपण वर्षभर खोटं बोललो, हे कौसल्येच्या डोक्यातून जाईना.

त्या मुलाखतीनंतर सुंदराबाई चार दिवस अबोला धरून होती. पाचव्या दिवशी तिने तांदूळ निवडता निवडता विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"त्यांनी नको म्हटलं, आत्या."

"तो नको म्हणेल. तू कुणाचं ऐकतेस? मी तुला पाळण्यावरून बोलत होते आणि तू ऐकून घेत होतीस." म्हातारीचे हात सुपात थांबले. "पोर जगलं पाहिजे. नातू राहू दे."

इथवर ठीक होतं. पण नंतर तिने ती तपासणी स्वतःच्या अंगावर घेतली. कौसल्या खुणेने विचारायची, सुंदराबाईला असल्या खुणा मंजूर नव्हत्या. कोंडीराम अंघोळ करून मोरीतून बाहेर आला की ती गॅलरीतून, कानठळ्या बसतील अशा आवाजात विचारायची, "काय रे, हात लावून बघितलंस का? दुसरं ठीक आहे ना?" समोरच्या चाळीतल्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

"आई! हळू!"

"का हळू? जेलरला ठाऊक आहे, पोलिसांना ठाऊक आहे, मी का हळू?"

कोंडीराम कौसल्येकडे मदतीसाठी बघायचा. कौसल्या रखमाची वेणी घालण्यात गर्क असायची.

डिसेंबरात बाबासाहेब गेले. चाळीत चूल पेटली नाही. कोंडीराम दादरच्या समुद्रावरून परतला तो भिंतीला टेकून बसला, दिवसच्या दिवस. त्याच दादरला पुढे या सगळ्यांनी दीक्षा घेतली. बाबासाहेब गेले त्या आठवड्यात कौसल्येला तारखेची आठवणसुद्धा राहिली नाही. आठवण झाली तेव्हा ती धावत खोलीत आली, तर कोंडीराम जागेवर नव्हता. संध्याकाळी आला. हॉस्पिटलात जाऊन आलो, म्हणाला. एकटाच, आपण होऊन. कौसल्या चकित होऊन बघत राहिली.

"काय म्हणाले?"

"फोटोला गर्दी होती. शनिवारी परत या म्हणाले."

"मग थांबायचं की!"

"मी गेलो हे काय कमी आहे?" आता कुठे त्याचा आवाज पूर्वीसारखा फुटला, आणि तो पहिल्यांदा फुटला तोही तिच्यावरच.

अशी वर्षं गेली. तारखा विरळ होत सहा महिन्यांवर आल्या. स्वच्छ, स्वच्छ, स्वच्छ. एकदा पोटात काहीतरी लागल्यासारखं वाटलं म्हणून आठवडाभर घरात कुणी जेवलं नाही, आणि ते निघालं बद्धकोष्ठ. मूल मात्र झालं नाही. रखमा एकटीच राहिली. कौसल्येने त्याला डॉक्टरांचं बोलणं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "रखमाला मॅट्रिक करू." झाल्या-गेल्या सगळ्या वर्षांत त्याने एवढी शहाणपणाची गोष्ट दुसरी केली नाही, असं कौसल्या म्हणते.

साठ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्र झाला. मुंबईसकट. त्यानंतर जून सरताना तपासणी होती. सबनीसांचे केस एव्हाना पिकले होते. त्यांनी पोट दाबलं, मान चाचपली, फोटो उजेडाला धरून बघितला आणि म्हणाले, "आता सहा महिन्यांनी नको. वर्षातून एकदा आलास तरी चालेल."

कौसल्येला वाटलं, हा आता हात जोडेल, निदान हसेल. कोंडीराम सदऱ्याची बटणं लावत म्हणाला, "वर्षभर? एवढा वेळ बघणार नाही तुम्ही? मध्ये काही झालं म्हणजे?"

डॉक्टरांनी कौसल्येकडे बघितलं. कौसल्येने डॉक्टरांकडे.

बाहेर पडल्यावर तो तिला म्हणाला, "तू सांगायचं होतंस त्यांना, सहा महिन्यांनीच बरं म्हणून."

"तुम्ही चला आधी," ती म्हणाली. "रखमाची शाळा सुटली असेल, आणि मला बाजारातून बोंबील घ्यायचेत."

"बोंबील काल झाले."

"मग तुम्हीच घ्या काय घ्यायचं ते!" ती म्हणाली आणि त्याला मागे टाकून तरातरा पुढे निघाली.